सुनवायची सुनावणी

"'दोन वर्षे' हे अक्षरात लिही आणि पुढं कंसात आकडा टाक," बापूसाहेब म्हणाले. "कागद कसा, भारदस्त दिसला पाहिजे."

मी अक्षरात लिहिलं आणि कंसात आकडा टाकला. घड्याळात सकाळचे साडेदहा झाले होते. ज्या सुनावणीचा हा निकाल होता, ती त्याच दिवशी दुपारी चार वाजता होती.

गोष्ट तीस वर्षांपूर्वीची. वाघेरीच्या एसटी स्टँडसमोर माझी टंकलेखनाची संस्था होती. तोडकर सरांकडे घरचा टाइपरायटर आहे, एवढ्या एका पात्रतेवर मला 'वाघेरी तालुका हौशी खो-खो संघटने'चा कार्यवाह केलेलं होतं. नावातला 'हौशी' हा शब्द म्हणे खेळाडूंसाठी असतो. आमच्याकडे तो पदाधिकाऱ्यांना जास्त शोभायचा. अध्यक्ष बापूसाहेब नलवडे यांना उद्घाटनाची हौस, समारोपाची हौस, शाल-श्रीफळाची हौस आणि मधल्या रिकाम्या वेळात कुणाला तरी शिस्त लावायची हौस. माणूस मनानं वाईट नव्हता. पण आपण बोलत असताना समोरच्यालाही तोंड आहे, हे त्यांच्या लक्षातच यायचं नाही.

"बापूसाहेब," मी जरा चाचरत म्हणालो, "मुलीला अजून बोलावलंही नाही, आणि आपण निकाल..."

"तोडकर, तू शिकलेला माणूस. सुनावणी या शब्दात काय आहे सांग."

"काय आहे?"

"सुनावणे! चार माणसांत उभं करायचं आणि चांगलं खडसावून सुनवायचं. म्हणून तर सुनावणी म्हणतात. सुनवून झालं की निकाल वाचायचा. आता तो आयत्या वेळी कोण टाइप करत बसणार?"

तीन वर्षं मी तो शब्द टाइप करत होतो, पण त्याच्या पोटात काय आहे ते कधी उघडून बघितलं नव्हतं.

मुलीचं नाव वैजयंता खरमाटे. उदयगिरी संघाची कप्तान, बारावीला होती, रोज सहा किलोमीटर सायकल मारून सरावाला यायची. पळायला लागली की समोरच्या पोरींच्या हाताला नुसता वारा लागायचा. आमच्या तालुक्यातनं तोवर एकही मुलगी राज्य संघात गेली नव्हती. ही जाणार, हे आंधळ्यालाही दिसत होतं. अठरा वर्षांखालच्या गटातलं तिचं ते शेवटचं वर्ष, आणि निवड चाचणी दोन रविवारांवर आलेली. म्हणजे दोन वर्षांची बंदी हे नुसतं म्हणायला. खरं तर कायमचीच.

आणि गुन्हा काय, तर आदल्या रविवारी अंतिम सामन्यात तिनं पंचांना गाढव म्हटलं.

पंचही साधेसुधे नाहीत. शिरतोडे मास्तर. तालुक्यातल्या निम्म्या लोकांना पाढे त्यांनी शिकवले आणि उरलेल्या निम्म्यांना खो-खो. त्या दिवशी त्यांच्या पंचगिरीला तीस वर्षं झाली म्हणून सामन्याआधी मैदानातच त्यांचा सत्कार झाला होता. सामना बरोबरीत आला, शेवटची काही सेकंदं राहिली, पळणाऱ्यांत एकटी वैजयंता उरली होती. ती कडेच्या रेषेवर हेलकावली, लोक 'बाहेर, बाहेर' ओरडले, मास्तरांनी शिट्टी मारली. आउट. एका गुणानं विजेत्यांची ढाल नवजीवन संघाकडे गेली. आणि त्या शिट्टीपाठोपाठ, सगळं मैदान क्षणभर गप्प झालं असताना, वैजयंताचा आवाज खणखणीत आला, "गाढव!"

दुपारी चारला आम्ही तालमीमागच्या खोलीत जमलो. तीच संघटनेची कचेरी. एका कोपऱ्यात खो-खोचे खांब, दुसऱ्या कोपऱ्यात रेषा आखायच्या फक्कीची पोती, मधे टेबल. टेबलाच्या एका अंगाला तीन खुर्च्या आणि चौथी मास्तरांसाठी मुद्दाम मागवलेली. तीन खुर्च्या शिस्तपालन समितीच्या: बापूसाहेब, मी आणि हुसेन मुजावर. मुजावरचाचांचं सायकलचं दुकान तालमीसमोरच होतं. तरुणपणी ते चांगले खेळायचे, पण समितीत त्यांना घेतलं होतं ते तिसरा माणूस लागतो म्हणून आणि हाक मारली की येतात म्हणून. आजवरच्या सभांत त्यांनी एकच वाक्य उच्चारलेलं माझ्या टिपणात सापडतं: 'चहा सांगू का?'

वैजयंता एकटीच आली. तिच्या प्रशिक्षकांना बापूसाहेबांनीच 'उगाच वादावादी नको' म्हणून येऊ दिलं नव्हतं. शाळेचा गणवेश, घट्ट दोन वेण्या, चेहरा दगडासारखा. तिला बसायला काही ठेवलंच नव्हतं, तेव्हा ती उभी राहिली.

बापूसाहेबांनी दहा मिनिटं सुनवलं. संघटनेची परंपरा, गुरुजनांबद्दलचा आदर, आजकालच्या मुली, मातीचे संस्कार, सगळं झालं. शेजारच्या हॉटेलातनं आलेली कांदाभजी टेबलावर झाकून ठेवली होती, तिचा वास खोलीभर पसरला होता. मास्तर छातीवर हात बांधून ताठ बसले होते. शेवटी बापूसाहेब पाणी प्यायले आणि म्हणाले, "तोडकर, निकाल वाचा."

मी कागद उचलला.

"वाइच थांबा," मुजावरचाचा म्हणाले. "पोरीचं ऐकायचं ऱ्हायलं की."

आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. खुर्चीला वाचा फुटावी तसं झालं.

"ऐकायचं? अहो मुजावर, ही सुनावणी आहे. सुनवून झालं."

"साहेब, आमच्यात सुनना म्हंजे ऐकणं. 'सुनो' म्हंजे ऐका. माझ्या दुकानाम्होरल्या वळणावर दर म्हैन्याला एक तरी अपघात होतोय. मी सोळा डाव कोर्टात साक्षीला जाऊन आलोय. तिथं जज्जसाहेब तोंड उघडत न्हाईत. हनवटीला हात लावून नुसते ऐकत्यात. त्येला सुनावणी म्हणत्यात."

बापूसाहेबांनी माझ्याकडे मान वळवली. "तोडकर, व्याकरण काय म्हणतं?"

"दोन्ही अर्थ निघतात," मी म्हणालो. माझा स्वभावच तसा. पावसात उभा राहिलो तरी दोन छत्र्यांच्या मधे.

"ठीक आहे. आज यांचा अर्थ घेऊ. पण आटपा, भजी गार होतील."

"मग मास्तर," चाचा हात जोडून म्हणाले, "तुम्ही वाइच तिकडच्या अंगाला बसा. तुम्ही तक्रारदार. तक्रार करणाऱ्यानं न्याय करणाऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसायचं नसतंय."

मास्तरांचा चेहरा पडला, पण माणूस नियमाचा. त्यांनी स्वतःची खुर्ची उचलली आणि टेबलाला वळसा घालून पलीकडे नेली. चाचांनी वैजयंतालाही एक स्टूल ओढून दिलं. मग ते दोघं शेजारी शेजारी, एकमेकांकडे न बघता, आमच्याकडे तोंड करून बसले.

"हं, सांग पोरी. काय झालं त्या दिवशी?"

तिनं तोंड उघडलं, आणि नेमका त्याच क्षणी मी मधे बोललो.

त्याचं असं, की सकाळपासून तो कागद माझ्या डोक्यातनं जात नव्हता. 'दोन वर्षे' ही अक्षरं मी माझ्या बोटांनी उमटवली होती. दुपारी जेवताना मला एक युक्ती सुचली होती, आणि ती सांगायला जागा मिळत नव्हती. आता जागा मिळाली.

"एक मिनिट," मी म्हणालो. "उदयगिरी संघात एक मुलगी आहे, तिचं आडनाव गाढवे. सुरेखा गाढवे. या मुली एकमेकींना आडनावानंच हाका मारतात. हिनं तिला हाक मारली असणार. 'गाढवे!' आणि मास्तरांना ऐकू आलं 'गाढव'. एका मात्रेचा तर प्रश्न आहे."

खोलीतली हवाच बदलली. बापूसाहेबांचा चेहरा एकदम उजळला. खरं तर त्यांनाही तालुक्यातनं राज्याला जाणारी मुलगी हवीच होती, सत्कार त्यांनीच केला असता. मास्तरांच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. गाढव न ठरता घरी जायला कुणाला आवडणार नाही? सापही मरणार होता आणि काठीही मोडणार नव्हती.

"वा, तोडकर!" बापूसाहेब म्हणाले. "तरीच! मी म्हटलं, एवढी गुणी मुलगी असं कसं बोलेल? सुंठीवाचून खोकला गेला. काय ग, गाढवेला म्हणालीस ना?"

मी वैजयंताकडे बघितलं आणि हळूच मान हलवली, म्हणजे तिनंही हलवावी म्हणून. नुसती मान हलवायची होती. बोलायचंही नव्हतं.

तिनं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "गाढवे त्या दिवशी आलीच नव्हती, सर. तिला गालगुंड झालंय."

"मी सरांनाच म्हटलं," ती म्हणाली. "गाढव म्हटलं. म्हणायला नको हुतं. पण म्हटलं."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मी खाली टेबलाकडे बघत बसलो. चाचा माझ्याकडे वळलेत हे मला न बघताही कळलं.

"तोडकर, त्या दिवशीचं गुणपत्रक कुणी लिवलं?"

"मी."

"म्हंजे गाढवे खेळली न्हाई, हे तुम्हाला ठावं हुतं."

"होतं."

"मग?"

"पोरगी चांगली खेळते, चाचा. वाटलं, वाचवावी."

"तिला वाचवायला बोलवली न्हवती," चाचा म्हणाले. आवाज चढवला नाही, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "ऐकायला बोलवली हुती. तुम्ही तिचं ऐकायच्या आधीच तिच्या तोंडात शब्द घातला. साहेबांनी सकाळी एक निकाल लिवला, तुम्ही दुपारी दुसरा लिवला. पोरीला दोन्ही येळेला कुणी इचारलं न्हाई."

मी उठलो. कुणी सांगायची वाट बघितली नाही. माझी खुर्ची उचलली आणि पलीकडे, वैजयंताच्या शेजारी नेऊन ठेवली. तिनं स्टूल थोडं सरकवून मला जागा दिली. तेवढंही ती देईल असं मला वाटलं नव्हतं.

"आता सांग," चाचा म्हणाले. "का म्हटलीस?"

ती उठली, कोपऱ्यातल्या पोत्यातनं मूठभर फक्की घेतली आणि फरशीवर सरळ रेषा ओढली. "ही रेघ. माझा डावा पाय हितं, भाईर. उजवा हितं, आत." ती तशीच उभी राहिली, एक पाय रेषेबाहेर, एक आत, अंग वाकलेलं, जणू मागनं कुणीतरी धावत येतंय. "आउट द्यायला दोन्ही पाय भाईर लागत्यात. माझा एक आत हुता. मला म्हाईत हुतं, कारण त्याच्यावर मी सगळा भार टाकलेला. आन् सरांनीच शिकवलंय मला ते. चौथीत. ह्याच सरांनी."

शेवटच्या वाक्याला ती मास्तरांकडे वळली. मास्तर फरशीवरच्या रेषेकडे बघत होते.

"मास्तर," चाचांनी विचारलं, "तुम्ही दोन्ही पाय भाईर बघितले?"

तीस वर्षांत मास्तरांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. पंचाला विचारायचा नसतो, असाच आमचा समज. मास्तरांनी घसा खाकरला. "लोक ओरडले, बाहेर म्हणून."

"लोकांचं सोडा. तुम्ही?"

मास्तरांनी एकदा बापूसाहेबांकडे बघितलं, एकदा छताकडे, आणि मग सगळा ताठा सोडून म्हणाले, "मला दिसलं नाही."

"का ओ?"

"फेटा."

"काय?"

"फेटा!" मास्तर जवळजवळ ओरडले. आठवडाभर पोटात दाबून ठेवलेलं एकदम वर आलं. "सत्काराचा फेटा! प्रमुख पाहुण्यांनी स्वतःच्या हातानं बांधलेला. त्यांना बांधता येतो कुठं? मी म्हटलं, काढून ठेवतो आणि मग शिट्टी घेतो. तर म्हणाले, पाहुणे बसलेत, त्यांचा अपमान होतो, सामना संपेस्तोवर उतरवायचा नाही. सगळा सामनाभर मी एका हातानं फेटा वर सारतोय आणि दुसऱ्या हातानं खुणा करतोय. शेवटच्या मिनिटाला तो सगळाच डाव्या डोळ्यावर आला. मला ना पाय दिसला ना रेघ. लोक ओरडले, मी फुंकली."

"आसं कोण म्हणालं, उतरवायचा न्हाई?" चाचांनी विचारलं, पण त्यांना उत्तर ठाऊक होतं. आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

बापूसाहेब भज्यांवरचं झाकण सारखं करत होते.

"साहेब," चाचा अतिशय आदरानं म्हणाले, "मग तुम्ही बी साक्षीदार झालात."

"मी? मी अध्यक्ष आहे!"

"अध्यक्ष हाईसाच की. पण फेट्याच्या बाबतीत साक्षीदार. साक्षीदारानं न्यायाच्या खुर्चीत बसायचं नसतंय. मला एकदा कोर्टात खुर्ची दिसली म्हणून बसलो, तर शिपायानं दंडाला धरून उठवलं."

बापूसाहेब लाल झाले. आता हे उठून निघून जाणार आणि संघटनाच मोडणार, असं मला वाटलं. पण मास्तर त्यांच्याकडे बघत होते, वैजयंता बघत होती, मी बघत होतो. शेवटी ते उठले. त्यांची खुर्ची होती सागवानी, हातांची, जड. ती हलेना. मग ते तसेच टेबलाला वळसा घालून आले आणि जागा नाही म्हणून फक्कीच्या पोत्यावर टेकले. पांढऱ्या विजारीवर पांढरी फक्की, त्यामुळे निदान दिसलं तरी नाही.

तर आता टेबलाच्या त्या अंगाला एकटे हुसेन मुजावर, आणि या अंगाला ओळीनं आम्ही चौघं आरोपी. मला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. शेजारी बघितलं तर वैजयंता ओठ दाबून बसली होती. तिचीही तीच गत असावी.

"घटना कुठं हाय संघटनेची?" चाचांनी विचारलं.

संघटनेची घटना होती, हे मी विसरलोच होतो. टेबलाखालच्या ट्रंकेत जुन्या पावतीपुस्तकांखाली ती सापडली. मी शिस्तपालनाचं कलम मोठ्यानं वाचलं. पंचावर हात टाकला तर दोन वर्षं बंदी. पंचाला अपशब्द वापरला तर पहिल्या वेळी एक सामना.

"एकच?" बापूसाहेब पोत्यावरनं म्हणाले. "मग आपण दोन वर्षं कुठनं आणली?"

"शंकर भोरेच्या वेळी दिली होती," मास्तरांनी आठवण करून दिली. "तो चप्पल घेऊन माझ्या मागं स्टँडपर्यंत आला होता. तेव्हापासून आपण सगळ्यांना तेच देतो."

चाचांनी हनवटीला हात लावला, अगदी कोर्टात बघितला होता तसा. मग बोलले.

"पोरी, तू म्हटलीस ते तूच कबूल केलंस. रागाला कारण हुतं, पण कारण असलं म्हणून माफी न्हाई. एक सामना भाईर बसायचं. दोन वर्षं न्हाई, एक सामना. निवड चाचणी हा काय सामना न्हवं, तिला तू जायाचं."

तिनं श्वास सोडला. आठवडाभर धरून ठेवलेला असावा एवढा मोठा.

"मास्तरांनी न बघता शिट्टी मारली, त्येंनी लेखी कबूल करायचं. साहेबांनी फेट्याचं कबूल करायचं. तोडकरांनी गाढवेचं. आन् तो आउट काय खरा न्हाई. पण नवजीवनच्या पोरींचं ऐकल्याबिगर ढाल काढून घेता येत न्हाई. उद्या त्यांना बोलवू. त्या हो म्हटल्या तर फेरसामना."

वैजयंतानं हात वर केला, वर्गात करतात तसा. "चाचा, फेरसामना झाला तर... माझा भाईर बसायचा सामना कुठला?"

हे चाचांच्याही ध्यानात आलं नव्हतं. "फुडचा सामना. म्हंजे त्योच."

ढालीचा सामना तिच्या खरं बोलण्यानं परत मिळत होता, आणि तिच्याच खरं बोलण्यानं तो तिला खेळायला मिळणार नव्हता. मान हलवली असती तर यातलं काहीच झालं नसतं. मला वाटलं, आता रडेल. "बरं," ती म्हणाली, आणि खाली वाकून फरशीवरची फक्कीची रेषा हातानं पुसायला लागली.

मी टाइप केलेला कागद चाचांनी मागून घेतला, उलटा केला, त्याच्यावर गार झालेली भजी ओतली आणि पहिल्यांदा तिच्यापुढं धरली.

दुसऱ्या दिवशी नवजीवनच्या मुली आल्या. त्यांचं पूर्ण ऐकून घेतलं. बापूसाहेबांनी मधे एकदाही तोंड उघडलं नाही, त्यांच्या दृष्टीनं तो एक विक्रमच होता. नवजीवनची कप्तान आधी फुरंगटली, मग म्हणाली, "खेळू की. आम्ही काय भितोय व्हय?" पंच कोण, असा प्रश्न निघाला. मास्तर म्हणाले, मी नको. चाचा म्हणाले, दोन्ही संघांना इचारा. दोन्ही संघ म्हणाले, मास्तरच.

वैजयंता पुढं चाचणीत निवडली गेली आणि राज्याकडून खेळली, हे आत्ताच सांगून टाकतो. कारण मला जे सांगायचंय ते त्याच्या अलीकडचं आहे.

गुरुवारी संध्याकाळी पाचला फेरसामना होता. मास्तर बोडक्या डोक्यानं मैदानात आले. बापूसाहेबांनी पाहुणाच बोलावला नव्हता. वैजयंता गणवेश घालून, पण रेषेबाहेर, मातीत मांडी घालून बसली होती. सामना सुरू व्हायला दोन मिनिटं होती. मास्तर सरळ चालत तिच्यापुढं जाऊन उभे राहिले. मी शेजारीच गुणपत्रक घेऊन बसलो होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"पोरी," मास्तर म्हणाले, "आता काही बंदी नाही, शिक्षा नाही, कागद नाही. मनापासून सांग. मी गाढव आहे का?"

तिनं वर बघितलं. विचार केला. खरोखर केला.

"त्या दिवशी हुता, सर," ती म्हणाली. "आजचं सामना झाल्यावर सांगते."

मास्तर अशा मोठ्यानं हसले, की मैदानावरच्या मुली माना वळवून बघायला लागल्या. हसतच ते आपल्या जागेवर गेले आणि शिट्टी तोंडात धरली.

त्या दिवशी त्यांनी जी पंचगिरी केली तशी मी पुन्हा बघितली नाही. साठीतला माणूस, पण प्रत्येक रेषेवर वाकून, प्रत्येक पायाजवळ. एकदा नवजीवनच्या मुलीला आउट दिलं, एकदा उदयगिरीच्या. दोन्ही वेळा लोक ओरडले, दोन्ही वेळा मास्तरांनी तिकडे ढुंकूनही बघितलं नाही. वैजयंता रेषेबाहेर बसून मूठमूठ माती उकरत होती. तिच्या पोरी जीव तोडून खेळल्या. पण शेवटच्या डावात ज्या जागी ती असायची, तिथं ती नव्हती. उदयगिरी दोन गुणांनी हरली.

मास्तर घामानं निथळत तिच्यासमोर आले. सगळा संघ तिच्याभोवती गोळा झाला होता, कुणी मुसमुसत होतं. मास्तर काही बोलले नाहीत. नुसते उभे राहिले. विचारायची त्यांना गरज नव्हती, आणि उत्तर न घेता जायची त्यांची तयारी नव्हती.

वैजयंता उठली, हाताची माती गणवेशाला पुसली, त्याच हातानं डोळे पुसले.

"न्हाई, सर," ती म्हणाली. "आज आम्हीच हरलो."